दोन ठेक्यांचं गाणं

ती. आईस, धाकटीचा वाकून नमस्कार.

मी मजेत आहे, वेळेवर जेवते. मी रेकॉर्ड केलेलं गाणं काल रेडिओवर लागलं. गायिका पश्चिम आफ्रिकेची, ढोलवाला कॅरिबियन बेटांवरचा. दोघांचे ठेके काही जुळेनात. गायिका वैतागून निघालीच होती. मी ढोलवाल्याला म्हटलं, “तुम्ही किंचित मागे राहून वाजवा.” त्यानं वाजवलं आणि ती दारातच नाचायला लागली.

“हिचा कान तयार आहे,” ढोलवाला म्हणाला.

“बाबांनी केलाय,” मी म्हटलं.

त्यांना आता अजिबातच ऐकू येत नाही का गं? खरं सांग. गाणं पाठवलंय. ते लाव आणि त्यांचा हात स्पीकरवर ठेव. ठेका त्यांना बरोबर कळेल.

तुझी,
धाकटी