देवपूरची खोली

देवपूर, धुळे
जून १९९१

प्रिय अक्का,

पुढे रंग-कागद-लोकरीचं दुकान आणि मागे गल्लीतल्या बायकामुलींना चित्रं काढायला, विणायला जागा, असं आपण जिच्यासाठी ठरवलं होतं, ती खोली गेली गं. सासूबाईंना अर्धांगवायू झाला. हे म्हणाले, "आईला दुसरीकडे कुठे ठेवू, तूच सांग." मीच फळ्या काढून तिथे खाट टाकली.

शेजारच्या भिकुबाई विचारतात, "दुकान कव्हय उघडशी व?" मी नुसती हसते.

आणि आज तुझं पत्र आलं. शिरपूरच्या शाळेतली नोकरी सोडलीस, उद्या सामान घेऊन येतेस. आता हे पत्र टाकलं तरी पोचायच्या आत तू निघालेली असशील. दारात उभी राहिलीस की मी काय बोलू?

तुझीच,
पुष्पा