खाली कोण हाय?

३ फेब्रुवारी

आज रुजू झाले! वारंगा फाट्यावर उतरून आत आले, तर दोन्ही बाजूंना हळदीची काढणी चाललेली आणि मधोमध ही काळी, सरळ धावपट्टी. एका बियाणे कंपनीच्या मालकांचं छोटं विमान इथे उतरतं. खोली पत्र्याची आहे, पण टेबल, खुर्ची आणि वायरलेस माझ्या ताब्यात. वारा कुठला, पट्टीवर गुरं आहेत का, ते वर सांगायचं. वरून हाक आली की ओ द्यायची. बोलताना बटण दाबून धरायचं, ऐकताना सोडायचं. घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिलीच. बाबांना फोनवर म्हटलं, विमान आता माझ्या शब्दावर उतरणार. ते म्हणाले, जेवून घे.

वॉचमन जळबामामा गुरं हाकतात. एवढं शिकून इथं काहून आल्या, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कुणीतरी ओ द्यायला पाहिजे ना. ते हसले नाहीत.

७ फेब्रुवारी

विमान अजून आलंच नाही. दिवसभर वायरलेसची खरखर. मामा दारापर्यंत येतात, आत येत नाहीत. डबा एकटीच खाते.

आज दुपारी वायरलेसवर एक मुलगी बोलली. "खाली कोण हाय?" मी नाव सांगितलं, ऐश्वर्या, आणि वारा सांगितला. ती रडायलाच लागली. साहेबांची मान खाली पडली, हलवलं तरी उठत नाहीत, मला चालवता येत नाही, म्हणाली. मग आवाज गेला. धावत बाहेर आले. आभाळ मोकळं. कंपनीच्या ऑफिसला फोन केला, तर विमान त्यांच्या शेडमध्येच उभं होतं.

९ फेब्रुवारी

मामांना बोलतं केलं. माझ्या जागी आधी राणी होती, माझ्याच वयाची. विमानात कधी बसली नव्हती. एकदा विमानाचे कॅप्टन म्हणाले, चल, एक चक्कर मारू. वर त्यांना हृदयाचा झटका आला. राणीने खाली हाका मारल्या. पण ओ देणारी तीच, आणि तिची खुर्ची रिकामी. मामा धावत आत आले.

"मामा, मामा करून राहिलं होतं लेकरू. म्या ओ दिली. लई डाव दिली. त्या वायरलेसच्या डब्याला तोंड लावून दिली."

बटणाचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ते नंतर कळलं. तेल संपेपर्यंत विमान फिरत राहिलं आणि कळमनुरीच्या बाजूला रानात पडलं. आताचं विमान नंतर घेतलेलं.

१२ फेब्रुवारी

ती रोज दुपारी वायरलेसवर येते. ऑफिसवाले म्हणाले, ऊन लागलं असेल, सुट्टी घ्या. मामा म्हणतात, उठा तिथून, ओ देऊ नका. पण एकदा तिला कुणाचीच ओ ऐकू गेली नाही. मी कशी उठू? कपाटात विमान चालवण्याचं पुस्तक सापडलं. ते वाचून तिला सांगते. नाक वर ठेव. पट्टी समोर धर. घाई करू नको. ती मला ताई म्हणते. दिवसभरात माझ्याशी एवढं दुसरं कुणी बोलत नाही.

१५ फेब्रुवारी

पट्टीवर धूळ उठली. विमान नाही, फक्त धूळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग वायरलेसवर तिचा आवाज. "उतरले, ताई."

आनंदाने रडले. आणलं मी तिला खाली.

१६ फेब्रुवारी

खरखरसुद्धा बंद. डबा उघडला, तर जेवण निम्मं संपलेलं. मी खाल्लं असेल. आठवत नाही.

१८ फेब्रुवारी

मामांनी दारातून हाक मारली. राणी, अशी. चुकून.

मी ओ दिली.

काहून दिली मी—

१९ फेब्रुवारी

तासभर बाहेर होते, परत आले तर खुर्चीची बैठक गरम. कुणी आत्ताच उठून गेल्यासारखी.

आईशी बोलावं म्हणून फोन लावला. ती म्हणाली, आत्ताच तर बोललीस की. मी नाही—

२० फेब्रुवारी

नवे कॅप्टन नेमसिंग विमान घेऊन आले. चक्कर मारायची का, म्हणाले. नको म्हटलं. पण या खोलीत आता बसवत नाही. मामांच्या हातापाया पडून त्यांना खुर्चीत बसवलं. बटण शिकवलं. एकदा बोलायला लावलं. बराबर जमलं त्यांना. रिकामी नाही ठेवली खुर्ची. जाते.

—वर. वही मांडीवर. गावं किती लहान—

साहेबांची मान खाली. हलवलं. उठत नाहीत. सुकाणूचं चाक एका हाताने धरलंय—

बटण दाबलं. मामांनी ओ दिली. बरं वाटलं. मी सांगितलं, ऐश्वर्या बोलते, साहेब बेशुद्ध—

मामा म्हणाले, ऐश्वर्याताई तर इथं हायेत. माझ्यापाशी उभ्या.

मामांच्या मागून आवाज. माझाच. अगदी शांत.

"ओ देऊ नका, मामा. बटण सोडा."

खरखर.

मामा, मी वर आहे, मी अजून—