दोन दिव्यांचा निवाडा

आदरणीय भाऊसाहेब,

नमस्कार पोचवतो. पोचला की तुमचे गुडघे, वहिनींचा खोकला आणि गच्चीतल्या कुंड्या यांची खुशाली सवडीने कळवावी. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. अक्षर पाहून चमकला असाल. माझ्या उजव्या हाताच्या बोटाला भिंगं घासायचं चाक लागलं, म्हणून मी सांगतोय आणि तुमची बहीण लिहून घेतेय. सांगतो तेवढंच लिही, पदरची फोडणी घालू नकोस, असं बजावलेलं आहे. (दादा, कंसातलं सगळं माझं. जखम मला अजून बघायला मिळालेली नाही, पट्टीच तेवढी दिसते.)

पत्रास कारण की, आकाशावरून आमच्या इमारतीत दोन तट पडलेत आणि निवाडा तुम्ही करायचा आहे. विमानतळाच्या मनोऱ्यात उभी हयात घालवलेला दुसरा माणूस आमच्या नात्यात नाही. झालं असं, की खालच्या मजल्यावरचे निवृत्त टीसी तुम्हाला आठवत असतील. नोकरी सुटली पण संशय काही सुटला नाही. जिना चढणाऱ्या पाहुण्याकडेही ते तिकीट मागितल्यासारखे बघतात. एका संध्याकाळी वाळत घातलेले कपडे काढताना त्यांना इमारतीवरून एक दिवा सरकत जाताना दिसला. आवाज नाही, लुकलुक नाही. कुणीतरी ड्रोन सोडून आपल्या खिडक्यांत डोकावतंय असं त्यांनी जिन्यात उभं राहून जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला अर्धी इमारत पडदे ओढून आत बसली आणि उरलेली अर्धी गच्चीवर जमली. एवढ्या माणसांत कुणीतरी जाणकार हवा, म्हणून मला बोलावणं आलं. चष्मेवाल्याला आकाशातलं कळतं हा शोध कुणी लावला कोण जाणे, पण चार माणसांनी मान दिल्यावर नाही म्हणणं बरं दिसत नाही. (यांनीच लावला. भिंग आणि आभाळ हा मुळात एकच विषय आहे असं पाण्याच्या टाकीवर हात ठेवून सांगत होते.)

मी आपला तुम्ही मागे जेवताना समजावलेल्या नियमांवर विसंबून होतो. लुकलुकतं आणि लाल-हिरवं दिसतं ते विमान. न लुकलुकता एका चालीने सरळ जातो तो उपग्रह, आणि भर आभाळात तो एकाएकी विझला तरी घाबरायचं नाही, पृथ्वीच्या सावलीत शिरला म्हणायचं. जागचा हलत नाही आणि सगळ्यांत तेजस्वी दिसतो तो ग्रह. इतकं सोपं असताना माणसं का चुकतात हे मला कळत नसे. आता थोडं कळतं. गच्चीवरच्या पहिल्याच संध्याकाळी मावळतीकडे एक भला मोठा दिवा होता. समोरून येणारं विमान बराच वेळ जागच्या जागी वाटतं हेही तुमचंच शास्त्र, तेव्हा हे विमान आपल्याच रोखाने येतंय असं मी सांगितलं आणि सगळ्यांना कठड्यापासून मागे घेतलं. आम्ही बराच वेळ मागे सरकून उभे राहिलो. टीसींनी तर खाली जाऊन घराची कागदपत्रं पिशवीत भरून आणली. विमान शेवटी आमच्याकडे न येता समोरच्या इमारतीमागे सावकाश मावळलं. (शुक्र होता. मी चहा घेऊन वर आले तेव्हाच म्हटलं होतं, पण चहा देणाऱ्या माणसाचं कोण ऐकतं.)

दुसऱ्या दिवशीचा प्रकार मी गाळणार होतो, पण कंसात येण्यापेक्षा मीच सांगितलेला बरा. समोरच्या गच्चीच्या उंचीला एक तांबूस ठिपका दिसला. तो हळूच वर जाई, तिथे उजळे, मग खाली येऊन मंद होई, आणि मध्येच दोन पावलं डावीकडे सरके. कुठल्याच नियमात बसेना. तेव्हा नियमांपलीकडचंही जगात काही असतं, विज्ञानाने नम्र असावं, अशा अर्थाचं मी थोडं बोललो. लोक मन लावून ऐकत होते. तेवढ्यात तो ठिपका खोकला. समोरच्या इमारतीचा रखवालदार टाकीपाशी उभा राहून सिगारेट ओढत होता. माझं भाषण त्याला पुष्कळ आवडलं असं तो नंतर म्हणाला.

आता मूळ मुद्दा. त्यानंतरच्या संध्याकाळी तो टीसींचा दिवा पुन्हा आला. चाल एकसारखी, लुकलुक नाही, म्हणजे उपग्रह, यावर सर्वांचं एकमत झालं आणि ड्रोनची भीती गेली. पडदे उघडले, टीसींची कागदपत्रं कपाटात परतली. इथेच मी गप्प बसायला हवं होतं. पण मी सहज म्हटलं, की बघा कसे दोघं जोडीने चाललेत. लोक म्हणाले, दोघं कोण? मला स्वच्छ दोन दिसत होते, शेजारी शेजारी, एक किंचित वर. बाकीच्यांना म्हणे एक. टीसींनी मात्र दोनच आहेत असं ठासून सांगितलं, कारण त्यांच्या चष्म्याच्या दांड्या मी नेहमी दुकान बंद करता करता फुकटात आवळून देतो आणि त्यांना त्याची जाण आहे. ते दोन म्हणाल्यावर त्यांचा मजलाही दोन म्हणायला लागला. आता जिन्यात एकवाले आणि दोनवाले एकमेकांना वाट देत नाहीत. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई एकवाल्यांच्या पुढारी. त्यांनी मला विचारलं, काका, रस्त्यावरच्या दिव्यांभोवतीही कडं दिसतं का? मी म्हटलं, ते सगळ्यांनाच दिसतं. त्यावर त्यांनी तुमच्या बहिणीकडे पाहिलं आणि तुमच्या बहिणीने कपबशा गोळा करायला घेतल्या.

भाऊसाहेब, हा प्रश्न निव्वळ आभाळाचा असता तर मी तुम्हाला तसदी दिली नसती. चष्मेवाल्यालाच एकाचे दोन दिसतात अशी बोलवा झाली तर दुकानाची पायरी कोण चढेल? या दुकानापलीकडे मला दुसरं काही येत नाही. आणि माझ्या डोळ्यांत काही खोट नाही. रोज सकाळी दुकान उघडलं की मी अक्षरांच्या तक्त्यासमोर बसतो आणि वरच्या ठसठशीत अक्षरापासून तळच्या बारीक ओळीपर्यंत सगळं घडाघडा वाचतो, एक अक्षर चुकत नाही. (यावर मी इथे काही लिहीत नाही.) तेव्हा दोन उपग्रह जोडीने जाऊ शकतात, एवढंच चार ओळींत तुमच्या सहीने लिहून पाठवावं. मी ते जिन्यात लावीन. वहिनींना नमस्कार.

आपला,
तुमच्या बहिणीचा नवरा

ता. क. दादा, हे आत चहा टाकायला गेलेत, तेवढ्यात लिहून घेते. बोटाला काहीही झालेलं नाही. यांना कागदावरच्या ओळी दिसत नाहीत, म्हणून पट्टी बांधली आहे. दुकानात डॉक्टरांच्या चिठ्ठ्या मीच वाचून दाखवते, आणि मी मोठ्याने वाचते ती माझी खोडच आहे असं आम्ही दोघांनी ठरवून टाकलंय. त्या तक्त्याचं तर विचारू नकोस. लग्न होऊन मी आले तेव्हापासून तोच भिंतीवर आहे. मागच्या आठवड्यात मी गुपचूप तो काढून दुसरा लावला. सकाळी हे समोर बसले आणि जुना तक्ता पहिल्यापासून शेवटपर्यंत बिनचूक म्हणून दाखवला. मी आत जाऊन रडले. नर्सबाई म्हणतात मोतीबिंदू पिकलाय, साधं काम आहे. शेकडो गिऱ्हाइकांना हे स्वतःच सांगतात की मुंगी चावल्याइतकंही कळत नाही, आणि स्वतःचा विषय काढला की घर सोडून गच्चीवर जातात. तुझ्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालीत. तू काहीतरी निमित्त काढून यांना बोलावून घे आणि तिथल्या तिथे डॉक्टरांकडे ने. माझं नाव सांगू नकोस.

ता. क. २. भाऊसाहेब, हे माझं स्वतःचं अक्षर आहे, ओळ वर चढली तर सांभाळून घ्यावं. पट्टी सोडली आहे. तुमची बहीण लिहिताना पुटपुटते हे तुम्हाला लहानपणापासून ठाऊक असेल, आणि माझे कान उत्तम आहेत. तक्त्याचं मात्र मला आत्ता चहा गाळताना कळलं. रडल्याचंही. मला भीती वाटते, हे तुम्हाला लिहितो, तिला सांगता येत नाही. डोळ्यात सुरी जाणार म्हणून नाही वाटत तेवढी. बरं झालं नाही तर काय करायचं, याची वाटते. परवा ती दारात उभी होती तर तिच्याही दोन दिसल्या. भाऊसाहेब, मला एकच नीट बघायची आहे. तेव्हा बोलवा. तुमच्या गच्चीवरून दिवे जास्त स्पष्ट दिसतात असं लिहा, मी कुरकुर करत येईन. फक्त डॉक्टरांकडे शेजारी बसा. आणि तिचीच युक्ती फळली असं तिला वाटू द्यावं. पाकीट मी स्वतः चिकटवतो आहे.

(दादा, पाकिटाला डिंक यांनी बाहेरच्या बाजूने लावला, पाकीट टेबलालाच चिकटलं. नव्या पाकिटात घालताना वाचलं. यांना मी सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. दोघांची झोपायची सोय कर, मी पण येतेय.)