डिस्कवरचं दार

आई, तू गेलीस त्याला अकरा वर्षं झाली आणि तुला मराठीत लिहायचं म्हणजे अजूनही तुझं लाल पेन समोर दिसतं. शाळा मी सोळाव्या वर्षी सोडली, तू गेल्यावर लगेच. पण स्वयंपाकघरातल्या टेबलावर दर शनिवारी तू घातलेलं शुद्धलेखन सुटलं नाही. हे पत्र मी आधी पेन्सिलीने लिहिलं, तपासलं आणि आता शाईने उतरवतोय.

मी ब्रिस्टलला असतो. कार्पेटच्या दुकानावर दोन खोल्या आहेत, तिथे आम्ही नऊ जण कॉम्प्युटरवरचे खेळ बनवतो. माझं काम भिंती, दारं, रस्ते. खेळातलं गाव आधी कोऱ्या खोक्यांचं असतं, त्यावर विटा, गंज, शेवाळ चढवायचं ते मी. कॅमेरा घेऊन हिंडायचं, खऱ्या भिंतीचा फोटो काढायचा, त्यातली सावली पुसायची आणि कडा अशा जुळवायच्या की एकच तुकडा शंभर वेळा लावला तरी सांधा दिसू नये. एका भिंतीला मला तीन दिवस लागतात. मला त्याचा अभिमान होता.

मग तो आला. माझ्याच वयाचा, डिग्रीवाला, कुणाशीही पहिल्या दिवसापासून मोकळेपणाने बोलणारा. त्याने एक डिस्क मागवली. तिच्यावर तयार चित्रं होती, कुणीही परवाना घेऊन वापरावीत अशी. विटा, खिडक्या, झाडं, दारं. माझी गल्ली अर्धी झाली होती तेव्हा त्याची अख्खी तयार होती. साहेबांनी सगळ्यांना त्याच्या खुर्चीमागे बोलावून ती दाखवली. मीही उभा राहिलो. तेवढ्यात मागून कुणीतरी मला म्हणालं, "काय गवंडी, अजून विटाच भाजतोयस का?" सगळे हसले, तोही हसला, पण माझ्याकडे बघून, मला सामील करून घेतल्यासारखं. त्याचाच मला जास्त राग आला.

महिनाभर माझं लक्ष माझ्या पडद्यावर कमी आणि त्याच्यावर जास्त होतं. एकदा दुकानात मांडलेल्या दुसऱ्याच कंपनीच्या खेळात मला त्याच्या गल्लीतलं हिरवं दार दिसलं. दारातच बसवलेल्या लेटरबॉक्सखाली तोच रंगाचा पोपडा उडालेला, त्याच्या चार स्क्रूंपैकी तोच एक नसलेला. मी दोन्ही चित्रं छापली आणि सोमवारच्या मीटिंगमध्ये साहेबांपुढे शेजारी शेजारी ठेवली. त्यांनी बघितली आणि शांतपणे विचारलं, "बरं, मग? ते विकत मिळतं. त्यांनी घेतलं, आपणही घेतलं." कुणी हसलं नाही. त्याने कागद उचलून माझ्याकडे परत दिले, सुरकुती न पाडता.

तेव्हा मला आपल्या रीडिंग गावातला तो हॉल आठवला. तुलाही आठवेल. दिवाळीचा कार्यक्रम आहे, मी चौदा वर्षांचा आहे. हॉस्पिटलात डॉक्टर असलेल्या काकूंच्या चकल्यांभोवती बायका जमल्यात. काय काटे आलेत, भाजणीचं प्रमाण लिहून द्या हं, असं चाललंय. तुझ्या चकल्या त्या वर्षी मऊ पडल्यात आणि तुझं ताट भरलेलंच आहे. काकू मला त्यांच्या गाडीतून कागदी प्लेट्स आणायला पाठवतात आणि डिकीत मला वेम्बलीच्या दुकानाची चकल्यांची तीन रिकामी पाकिटं सापडतात. मी एक पाकीट घेऊन हॉलमध्ये येतो आणि सगळ्यांसमोर विचारतो, "काकू, हे तुमचंच ना?"

मला वाटलं होतं, तुला आनंद होईल. तू हातातली परात खाली ठेवलीस तेव्हा तू माझ्याकडे येतेयस असंच मला वाटलं. तू काकूंकडे गेलीस. त्यांच्या पाठीवर हात ठेवलास आणि म्हणालीस, "अहो, माझी भाजणीसुद्धा पुण्याहून बहीण पाठवते." घरी आल्यावर तू परात धुवायला घेतलीस. मग म्हणालीस, "सलग सातवी नाइट ड्यूटी करून आली होती ती. तुला काय मिळालं रे?" दुसऱ्या दिवशी तू तुझं नाव कोरलेला स्टीलचा डबा भरलास आणि मला एकट्याला माफी मागायला पाठवलंस.

इकडे पुढच्या खेळासाठी आम्हा दोघांपैकी एकालाच ठेवणार असं ठरलं. माझ्या गल्लीतलं शेवटचं घर राहिलं होतं आणि मी काढलेल्या दाराच्या फोटोवर झाडाची सावली पडली होती. पुसून पुसून लाकूडच गेलं. शुक्रवारी दुपारी तो जेवायला बाहेर गेला तेव्हा मी त्याची डिस्क घेतली. हिरवं दार उचललं, निळं केलं, पोपडा बुजवून दुसरीकडे नवा काढला. चार वाजता साहेब सगळ्यांना म्हणाले, "हे दार बघा. हाताने केलेलं लगेच कळतं." तो माझ्या शेजारी उभा होता. वाकून लेटरबॉक्सकडे बघत होता. स्क्रू तीनच होते, ते बदलायचं मी विसरलो होतो. त्याने माझ्याकडे बघितलं आणि साहेबांना म्हणाला, "हो, छान जमलंय."

मला ठेवलं. जाताना त्याने ती डिस्क माझ्या टेबलावर ठेवली, "तुला लागेल," म्हणाला. त्यात टोमणा असावा म्हणून मी ते वाक्य खूप वेळा तपासलं. नव्हता. त्याच्या कामाचा हेवा मला आता वाटत नाही. तसं गप्प राहता येण्याचा वाटतो. आणि काकूंचा तर अजून वाटतो, कारण त्या दिवशी तुझा हात त्यांच्या पाठीवर होता.

एक राहिलंच. मी काकूंकडे गेलो नव्हतो. कोपऱ्यापर्यंत गेलो, बसस्टॉपवर बसून तुझ्या मऊ चकल्या एकेक करून सगळ्या खाल्ल्या आणि डबा माझ्या कपाटात शाळेच्या स्वेटरखाली लपवला. तुला सांगितलं, माफी मागितली. पुढे कधी डब्याचा विषय निघाला की तू म्हणायचीस, "रिकामा कसा देईल ती? वेळ मिळाला की काहीतरी घालून देईल." दोन वर्षं तू वाट बघितलीस आणि त्यांना एकदाही विचारलं नाहीस.

डबा माझ्याकडेच आहे. डिस्क त्यातच ठेवलीय. हे पत्रही त्यातच ठेवतो. काकू अजून रीडिंगलाच राहतात, इथून ट्रेनने जेमतेम सव्वा तास. मी गेलेलो नाही.