जाळी नसलेला फोटो

सालेकसा
१६ नोव्हेंबर २०२५

चि. आचल हिस,

आधी मामाचं भाचीच्या पाया पडणं, मग बाकीचं. इकडे सगळे बरे आहेत. तुमच्या बांधीतलं धान कापून झालं, चुरून दाणे काढणं बाकी आहे. तुझी आई खोकून राहिली होती, आता बरी आहे.

स्टुडिओ जोरात आहे. लग्नाचे फोटो पेजवर टाकण्याआधी मी आता प्रत्येक चेहऱ्यावर कॉम्प्युटरनं एक बारीक जाळी चढवतो. डोळ्याला ती दिसत नाही, फोटो जसाच्या तसा राहतो. पण कोणी तो चेहरा उचलून दुसऱ्या अंगावर बसवायला गेला, की त्याचं यंत्र फसतं. गोंदियाला कॉम्प्युटर शिकवणाऱ्या रुची मॅडमकडे चार महिने दर रविवारी गेलो. पन्नाशीत शिकलो, पण पक्कं शिकलो.

परीक्षा माझ्याच चेहऱ्यावर घेतली. मॅडमनी माझ्या साध्या फोटोवरून व्हिडिओ बनवला. त्यात मी कमरेला झटके देऊन नाचून राहिलो होतो. मामी म्हणाली, "हे तं तुमीच आहा." मग त्याच यंत्राला जाळीवाला फोटो दिला. भुवई गालावर आली, तोंड विस्कटलं. नवं यंत्र आलं की जाळीही नवी लागेल, असं मॅडम सांगतात. तीही शिकेन. आता घरच्यांना आणि फोटोतल्या पोरीला विचारल्याशिवाय एकही फोटो माझ्या पेजवर जात नाही.

एवढं लिहिलं, आणि लिहायचं होतं ते मागेच राहिलं.

शेजारच्या राखीच्या लग्नातला तुझा पिवळ्या साडीतला फोटो, ज्याचा कोणीतरी तो घाण व्हिडिओ केला, तो फोटो पेजवर मी टाकला होता. तुला न विचारता. चांगला आला होता, स्टुडिओची जाहिरात होईल म्हणून. व्हिडिओ गावभर फिरला त्या दिवशी मी तो फोटो पेजवरून गुपचूप काढून टाकला. तू रडून सांगत होतीस, "मी नाही टाकला." भाऊजी ओरडत होते, "मंग फोटो बाहेर गेला कसा?" मी तिथेच खुर्चीवर बसलो होतो. वर म्हणालो, "आजकालच्या पोरी ऐकतात कुठं." तुझं कॉलेज सुटलं, तुला नागपूरला मावशीकडे धाडलं, ते माझ्या त्या एका वाक्यानंतर.

परवा तुझ्या आईसमोर भाऊजींना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "दोन वर्षं काऊन गप्प राहिला?"

"भेलो होतो," म्हणालो. दुसरं खरं उत्तर नव्हतं. तुझी आई उठून आत गेली. अजून माझ्याशी बोलत नाही.

भाऊजी येत्या शनिवारी नागपूरला येणार आहेत. "आधी पोरीची माफी मागतो, मंग कॉलेजचं पाहू," असं म्हणाले. त्यांना दार उघड. मी सोबत नाही. तू बोलावलंस तरच येईन.

तुझा अपराधी,
टेकचंदमामा