बाटलीत उरलेलं औषध

आई,

ठमीच्या दुखण्यावरच्या औषधाची बाटली काल संपायला हवी होती. आज सकाळी पाहिलं तर तिच्यात अजून दोन बोटं औषध आहे. मी कामावर गेले की तू तिला अर्धाच डोस देत होतीस.

मलाही तू तापात अर्धीच गोळी द्यायचीस. पण माझा ताप उतरणार होता. ठमी बरी होणार नाही. तिला दुखू न देणं एवढंच आपल्या हातात उरलंय, आणि तू तेही अर्धं केलंस. म्हणे सवय लागेल! सवय लागायला तिच्याकडे दिवस किती आहेत, आई? बोलता येत नाही म्हणून माझी पोर आठवडाभर पायाची बोटं आवळून पडून होती.

औषध लागू पडत नाही, असं मी काल डॉक्टरांना सांगून बसले. आता खरं काय ते सांगायला चाललेय.

बारा वाजता सिरिंज लाल खुणेपर्यंत भर. पूर्ण. चारला नर्सबाई येतील, त्यांना दारातूनच परत पाठवू नकोस.

तिची बोटं सैल झाली की फोन कर. मी तुझ्याशी बोलणार नाही, पण फोन उचलेन.