एका रेघेची टोपली

चाचा, मशीनचं टेबल किती कलवायचं तेवढं सांगून मग मरायला काय झालं होतं तुम्हाला? आठ वर्षं हाटकेशच्या त्या लाकूडकामाच्या गाळ्यात तुमच्या बाजूला बसून मी लाकूड घासलं. तुम्ही देव्हाऱ्याची जाळी कापायचात आणि मी पॉलिश पेपरची सुरळी करून तिच्या एकेका भोकात फिरवायचे, बोटांची सालं जाईपर्यंत. त्या आठ वर्षांत काय काय ऐकवलंत मला! चहात आलं कधी टाकायचं ते सांगितलंत, स्वतःला चहा करता येत नव्हता तरी. झाडू कुठल्या कोपऱ्यापासून मारायचा ते सांगितलंत. नवरा गेल्यावर दिरासमोर कसं बोलायचं तेसुद्धा सांगितलंत. आणि जी एक गोष्ट विचारायला आज माझ्याकडे दुसरं माणूस नाही, ती मात्र बरोबर घेऊन गेलात. गावाला गेलात ते गेलातच. आम्हाला शेठच्या फोनवरून कळलं, तेही आठ दिवसांनी. हे काय वागणं झालं?

आज मंगळवार. तीन घरच्या पोळ्या उरकून दुपारी आले आणि मशीनवर बसले. हो, जाळी कापायची मशीन आहे माझ्याकडे, हसू नका. तुमच्यासारखं लोखंडी धूड नाही, लहानशी आहे. पण तसंच दोऱ्याएवढं पातं आणि तसंच शिवणयंत्राच्या सुईसारखं वरखाली. आईच्या जुन्या शिवणयंत्राचं डोकं काढून त्या स्टँडवर बसवलीय, स्वयंपाकघरात खिडकीपाशी. दोन वर्षं झाली. विकत नाही, कुणाची ऑर्डर घेत नाही, माझं मीच कापते. दोन बदकं झाली, एक मोर झाला, गाळ्यातली ती कमळांची जाळी आठवून आठवून केली. खालच्या मजल्यावरची बेन पहिल्याच दिवशी वर आली. "अरे बेन, आटाचक्की डाली क्या घर में?" मी म्हटलं, "हां, गेहूं लेके आओ." तेव्हापासून तिने येणं सोडलं. भांडायला का होईना, यायची तरी. आता दुपारी घरात त्या मशीनचा तेवढा आवाज असतो. एखादा तुकडा घासून झाला की मी तो उजेडात धरते, कडेवरून अंगठा फिरवते आणि न बघता बाजूला पुढे करते, तुमच्याकडे द्यायचे तसा. तुम्ही डोळे मिटून अंगठा फिरवायचात. "फिर से" म्हणालात तर परत घासायचं, काहीच बोलला नाहीत तर जमलं. आता मी हात पुढे करते तिथे फ्रिज आहे. तोही काही बोलत नाही, पण त्याचं काय खरं.

माझ्यात धीर नाही असं तुम्ही म्हणायचात. नाहीच. चौथीत शाळा सोडली, ती बाई फार सावकाश शिकवायच्या म्हणून, असं मी सगळ्यांना सांगते. त्या शुक्रवारी तुम्ही नमाजाला गेलात आणि मशीनवर देव्हाऱ्याचं दार तसंच होतं. पूर्ण वेल कापून झालेला, एकच पान राहिलेलं. मला वाटलं, एका पानाने काय होतंय. पातं सोडलं, भोकातून ओवलं, वर अडकवलं, तुम्हाला हजार वेळा बघितलं होतं तसं. बटण दाबलं. पहिलं वळण नीट गेलं, दुसरं गेलं, आणि मग लाकूड फारच हळू चाललंय असं वाटून मी ढकललं. कट्‌कन आवाज. पातं तुटलं आणि वेल वरपासून खालपर्यंत चिरला. तुम्ही परत आलात, टोपी काढून खिशात ठेवलीत, दार हातात घेतलंत. "हाथ है के हथौडा?" सगळ्या गाळ्यासमोर. "लकडी को धक्का मारती है! पीछे कुत्ता लगा है क्या तेरे? आज से मशीन को हाथ नहीं लगाने का." दोघे पॉलिशवाले फिदीफिदी हसले. शेठला मात्र तुम्ही सांगितलंत की पातंच खराब होतं, आणि दोन दिवस बसून दार नव्याने कापलंत. हे मला त्या पॉलिशवाल्यांपैकीच एकाने सांगितलं. सांगितलं तरी मी काय केलं? माझा पाट उचलला आणि भिंतीकडे तोंड करून बसले. महिनाभर. तुम्ही पाणी मागितलंत तर मागे न बघता बाटली सरकवायचे. खळ मागितलीत तर वाटी तशीच मागे. माझ्या हातच्या मैद्याच्या खळीशिवाय तुमचा नक्षीचा कागद लाकडाला चिकटायचा नाही, हे मला ठाऊक होतं. त्या महिन्यात मी खळ मुद्दाम पातळ करायचे.

आणि मग तो दिवस. आत्ता लिहितानासुद्धा डोळ्यांसमोर भिंतच येते, चुन्याचे पोपडे निघालेली, कारण मी भिंतच बघत बसलेय. मागे तुम्ही काहीतरी करताय. आधी पान्याचा आवाज, टेबलाचा नट सैल केल्याचा. मग टेबलाखाली काहीतरी सरकवल्याचा. मग पातं लाकडात शिरतं आणि थांबतच नाही. जाळी कापताना मशीन सारखी थांबते. एक भोक झालं की पातं सोडा, दुसऱ्यात ओवा, परत अडकवा. पण त्या दिवशी जेवणापासून चहापर्यंत एकच आवाज, कुठे न तुटता. म्हाताऱ्याने आज हे काय काढलंय, असं मनात आलं माझ्या. वळले नाही. संध्याकाळी माझ्या डब्याच्या पिशवीवर तुम्ही एक फळी ठेवलीत. शिसवीची, गोल, ताटाएवढी. वर चकलीसारखी एकच रेघ, बाहेरून निघून मधोमध पोचलेली, आणि कडेला एक लहानशी खुंटी. "ले जा. घर में काम आएगी." मी म्हटलं, "ठीक आहे." एवढंच. पुढच्या आठवड्यात तुमचा तो न हटणारा खोकला घेऊन तुम्ही गावाला गेलात.

काम आली ना. भरपूर काम आली. भाताचं पातेलं गॅसवरून उतरवलं की ओटा खराब होऊ नये म्हणून खाली ती फळी. आमटीचं उतरवलं की ती फळी. कुकर, तवा, सगळं. बारा वर्षं. रेघ म्हणजे नक्षी आणि खुंटी म्हणजे टांगायला, असं मी धरून चालले. लाकडात आठ वर्षं काढलेली बाई! पण आपल्या गाळ्यात देव्हारे आणि दारावरच्या नावाच्या पाट्या, ह्यापलीकडे काही होतच नव्हतं, मी कुठे बघणार? रेघेत भाताची पेज गेली, हळद गेली, सुकून बसली. मग दोन वर्षांपूर्वी मोरीत घासताना खुंटी निसटली आणि फळी माझ्या हातात उघडली. मधला भाग खाली उतरला, त्याच्यामागून दुसरा वेढा, तिसरा, चौथा, कडांनी एकमेकांना धरून. टोपली. सबंध फळीतून एका रेघेत कापलेली, त्या खुंटीने मिटवून ठेवलेली टोपली. नळ तसाच वाहतोय आणि मी तशीच उकिडवी. बाहेरचे तीन वेढे उतरलेच नाहीत. वाफेने फुगून ते कायमचे बसलेत, आणि मधे पातेल्याच्या बुडाचा काळा गोल. पुढच्याच आठवड्यात मी मशीन मागवली.

तेव्हापासून हेच चाललंय. रेघ सरळ उभी कापली तर टोपली होत नाही, एवढं माझं मला कळलं. टेबल जरासं तिरकं हवं, म्हणजे प्रत्येक वेढ्याची कड उतरती होते आणि बाहेरचा आतल्याला अडवतो. पण जरासं म्हणजे किती? पहिली टोपली कमी कलली, ती खालून सगळीच सुटली, तेलात चकली सुटते तशी. दुसरी जास्त कलली, बोटभरसुद्धा उतरेना, ताटच झालं. तिसरीला मीच वळणावर ढकललं, जुनी खोड. चौथी आज सुटली. माझ्या मशीनवर आकडे आहेत पण ते शोभेचे, म्हणून मी टेबलाखाली कागद दुमडून घालते, कधी एक घडी जास्त, कधी कमी. तुमच्या टोपलीची कड बघून माप घ्यावं तर ती फुगलेली, खरं काही दाखवतच नाही. म्हणजे उत्तर माझ्याच घरात होतं आणि मी त्याच्यावर बारा वर्षं भात उतरवला.

आता घाई कशाची म्हणाल, तर मुलीचं लग्न आहे ह्या रविवारी. तीच, जी गाळ्यात भुशाच्या ढिगात खेळायची आणि तुम्ही कापून दिलेल्या पोपटाची चोच जिने चावून खाल्ली. आमच्यात लग्नात रुखवत मांडतात, मुलीच्या घरच्यांनी हाताने केलेल्या वस्तू, तुम्हाला सांगितलं होतं एकदा. त्यात मला माझ्या हातची टोपली ठेवायचीय. तिला सांगितलं तर म्हणते, "आई, रुखवताचा सेट मागवलाय ना ऑनलाइन. सगळं आहे त्यात."

"त्यात माझ्या हातचं काय आहे?"

"मग ती जुनी दे. चाचांची. मला तीच आवडते."

"जळकी फळी देऊ? लोक म्हणतील आईने पातेल्याखालचं काढून दिलं."

"फळं भरली की कुणाला दिसतंय खालचं?"

"नाही म्हणजे नाही."

"मग बस तू तुझ्या चाचांशी बोलत," म्हणाली आणि मोबाइल घेऊन गॅलरीत गेली. खरं कारण तिला सांगितलं नाही. ती नाशिकला चाललीय. सोमवारपासून ह्या घरात मी आणि ती फळी, एवढंच राहणार. तीही देऊन टाकली तर मग मी हात कुणाकडे पुढे करू?

लाकूड एकच उरलंय. गाळा बंद झाला तेव्हा शेठ म्हणाला, ज्याला जे हवं ते न्या. कुणी पंखा नेला, कुणी स्टूल. मी तुमच्या टेबलाखालचा शिसवीचा तुकडा नेला. का नेला, माहीत नाही. इतकी वर्षं पलंगाखाली होता. तुमच्या टोपलीचाच भाऊ आहे तो, त्याच फळीतला. शेजारी ठेवले तर लाकडातल्या रेषा एकातून दुसऱ्यात जातात. आणि त्याच्यावर कागद चिकटवलेला आहे, पेन्सिलीने काढलेली तीच चकली. खळ माझीच, पातळ केलेली, कोपरे सुटलेत. म्हणजे दोन तुकडे तयार केले होतेत तुम्ही. एक तुम्ही कापलात. दुसरा कुणासाठी ठेवला होतात, ते कळायला मला इतकी वर्षं लागली. तो बिघडला तर दुसरा नाही. म्हणून आज त्याला हात लावला नाही, हे लिहायला बसले.

टपालात टाकायला तुमचा पत्ता नाही माझ्याकडे. असता तरी काय, तुम्हाला मराठी वाचता कुठे येत होतं, तुमचं ते उर्दू, सगळं उलटीकडून. आणि वर एक खोटं लिहिलंय मी. तुम्ही सांगितलं नाहीत, असं लिहिलं. त्या दिवशी मशीन सुरू करायच्या आधी, पाना हातात असतानाच, तुम्ही हाक मारली होतीत. "ए, इधर देख." मग थोडं थांबून परत, जरा हळू, "एक बार देख ले." मला ऐकू आलं होतं, चाचा. दोन्ही वेळा. मी पॉलिश पेपर आणखी जोरात घासायला लागले.

शनिवारी हळद आहे, घर माणसांनी भरेल. म्हणून शुक्रवारीच कापायला बसणार. हाच कागद दुमडून टेबलाखाली घालणार आहे. किती घड्या घालू ते शुक्रवारी तुम्ही नमाजाहून परत यायचात त्या वेळेपर्यंत सांगा. पाट फिरवून ठेवलाय. भिंतीकडे पाठ आहे माझी.